ओढगस्तीच्या काळात गावच्या माणसांशी संबंध कसा राखावा?

चिंचवडचा चाकरमानी

नमस्कार.

आमचे मूळ घर राजापूर तालुक्यात आहे. तिथे आई, थोरले बंधू आणि वहिनी राहतात. बहीण सोलापूरला दिलेली आहे, दोन चुलतभाऊ विरार-नालासोपाऱ्याकडे आहेत आणि मी पिंपरी-चिंचवडला. भोसरीच्या ज्या छोट्या कारखान्यात मी सीएनसी मशीन चालवीत होतो, तिथले सगळे काम वाहनांच्या सुट्या भागांचे होते. मागणी घटली तशी आधी रात्रपाळी बंद झाली, मग ओव्हरटाइम गेला आणि अखेरीस आम्हां जुन्या माणसांना हिशेब देऊन मोकळे करण्यात आले. सध्या दुसरीकडे कंत्राटावर आहे. पगार पूर्वीपेक्षा बराच कमी आहे आणि घराचा हप्ता मात्र होता तेवढाच आहे.

पोटापुरते भागते, त्यामुळे हे मदत मागण्यासाठी लिहीत नाही. अडचण वेगळी आहे. आमच्याकडे नाते म्हटले की त्याच्यामागे काही ना काही देणे येतेच, आणि त्यात काही गैर आहे असेही मला वाटत नाही. गणपतीची वर्गणी, पावसाळ्याआधी कौले चाळण्याचा खर्च, बहिणीची ओवाळणी, भाचीच्या लग्नात मामाचा आहेर, आणि गावी जायचे तर चौघांच्या तिकिटांबरोबर वाडीतल्या घरांसाठी न्यायचा खाऊ. हे सगळे जमत होते तोवर फोनही सहज होत असत. आता दादांचा फोन आला की तो कशासाठी असेल याचा विचार आधी होतो, मग 'नंतर करतो' म्हणून तो राहून जातो, आणि इतके दिवस का केला नाही हे सांगायला नको म्हणून आणखी लांबतो. यंदा शिमग्यात पालखी घरी आली तेव्हा आमच्यापैकी कोणी हजर नव्हते. गणपतीलाही जाणे अवघड दिसते.

अशा काळातून गेलेल्यांनी गावाशी, भावंडांशी बोलणे कसे चालू ठेवले, हे मला जाणून घ्यायचे आहे. खरी परिस्थिती कोणाला आणि किती सांगावी? आईला सांगितले तर ती काळजीने खंगेल, न सांगितले तर मुलगा बदलला असे तिला वाटेल. प्रवास आणि फोन यांवरचा खर्च कमी करण्याचे काही मार्ग असतील तर तेही कृपया लिहावेत.

लालबागकरीण

माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात होते, म्हणून आमच्या घरात जे झाले ते लिहिते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतल्याचे कधी जाहीर झालेच नाही. तो विरत गेला. त्याआधीचा क्रम ठरलेला होता. पगार झाला की गावी मनीऑर्डर जायची, फॉर्मच्या तळाशी दोन ओळींचा मजकूर असायचा, आणि काही दिवसांनी आजीच्या अंगठ्याची पोच परत यायची. मनीऑर्डरीवर जगणारा मुलूख म्हणूनच कोकण ओळखला जात असे. संपात मनीऑर्डर थांबली आणि सगळा ओघ उलटा फिरला. कित्येकांनी बायकामुलांना गावी धाडले, आणि मुंबईत राहिलेल्यांसाठी गावाहून तांदूळ, कुळथाचे पीठ, आमसुले, सुकी मासळी असे सामान एसटीच्या टपावरून परळच्या स्थानकात उतरू लागले. तेव्हा कोकण रेल्वे नव्हतीच. ती पूर्ण सुरू झाली १९९८ साली. एसटीचा ओळखीचा कंडक्टर आणि गावचा येणाराजाणारा माणूस हेच आमचे टपालखाते होते.

वडिलांनी एक गोष्ट केली, तिचा आपल्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. ज्या सुमारास मनीऑर्डर जायची, त्याच सुमारास ते दर महिन्याला पोस्टकार्ड टाकत राहिले. त्यात रडगाणे नसे. कोणत्या गिरणीचा भोंगा पुन्हा वाजला, आळीतला कोण भिवंडीला यंत्रमागावर कामाला गेला, खाणावळवाली किती दिवस उधारीवर जेवू घालते आहे, असा मजकूर असे. (या खाणावळवाल्या बायकांवर स्वतंत्रपणे लिहायला हवे. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते याच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी.) पैशाबद्दल एकच वाक्य असे: 'या महिन्यात पाठविणे झाले नाही.' पुढच्या महिन्यात पाठवतो असे वचन त्यात कधी नसे, कारण ते पाळता आले नसते. आजीला वाचता येत नव्हते, ते कार्ड शाळेतले गुरुजी वाचून दाखवीत. म्हणजे आमची परिस्थिती गुरुजींना कळत होती, आणि त्यांच्याकडून वाडीलाही. त्याने आमचे काहीही बिघडले नाही.

ज्यांचे गाव खरोखर तुटले, ते पैसे न पाठवणारे नव्हते. शरमेपायी जे गप्प झाले, गावचा माणूस दिसला की जे रस्ता बदलू लागले, त्यांचे तुटले. पुढे आजोबा-पणजोबांच्या जमिनीला वारसनोंद करण्याची वेळ आली तेव्हा यांतल्या काहींचा पत्ताच कोणाला ठाऊक नव्हता. आपल्याकडे तर फोन खिशात आहे. महिन्याचा एक दिवस ठरवावा आणि हातात पैसे असोत वा नसोत, तो चुकवू नये.

सांगलीकर

वरील प्रतिसाद मनाला भिडला, तरीही मला थोडे वेगळे सुचवावेसे वाटते. खरे सांगावे, पण एकालाच सांगावे. हल्ली प्रत्येक कुटुंबाचा व्हॉट्सअॅप गट असतो आणि त्यावर टाकलेली गोष्ट तासाभरात व्याह्यांच्या घरी पोहोचते. नोकरी गेल्याची बातमी भावकीत फिरली की तिला फाटे फुटतात, आणि घरात लग्नाची मुलगी असेल तर त्याचा त्रास तिला होतो. हे मी जवळून पाहिले आहे. त्या काळच्या संपात अख्खी चाळच घरी बसलेली होती, त्यामुळे कोणी कोणाला हसण्याचा प्रश्न नव्हता. आज एकट्याची नोकरी जाते आणि शेजारच्याची राहते, त्यामुळे मामला नाजूक होतो.

आपण थोरल्या बंधूंशी समोरासमोर, किंवा निदान दोघेच असताना फोनवर, आकड्यांसह बोलावे: पगार किती, हप्ता किती, उरते किती. आईला किती आणि केव्हा सांगायचे हे त्यांच्यावर सोपवावे, कारण तिच्या प्रकृतीचा अंदाज त्यांना अधिक आहे. बाकीच्यांना 'सध्या कंत्राटावर आहे' एवढे पुरे. ते खरेही आहे.

राजापूरची सून

मी आपल्याच तालुक्यातली, पण आपल्या वहिनींच्या बाजूची आहे. पुण्या-मुंबईच्या माणसांना आपले मौन आमच्याकडे कसे ऐकू येते याची कल्पना नसते, म्हणून सविस्तर लिहिते.

दिराचा फोन आला नाही की सासूबाई पहिल्या आठवड्यात म्हणतात, कामात असेल. दुसऱ्या आठवड्यात म्हणतात, बरे नसेल. त्यानंतर त्यांचा रोख माझ्याकडे वळतो, की तूच जाऊबाईंना काही बोललीस का. पैशाची अडचण असेल हे घरात सर्वांत शेवटी सुचते, कारण शहरातल्या माणसाकडे पैसे असतातच असे इथे धरून चालतात. म्हणजे आपण लाज वाटून गप्प राहता आणि त्याचा जाब इथे भलत्याच माणसाला द्यावा लागतो.

२०२० ची आठवण अजून ताजी आहे. त्या मे महिन्यात मुंबईची माणसे गावात आली तेव्हा त्यांना शाळेत विलगीकरणात ठेवले, कुठे वाडीने पाणी भरायलाही मज्जाव केला, आणि गणपतीला यायचे तर आधी दहा दिवस वेगळे राहण्याची अट होती. आमच्या वाडीत त्यावरून दुखावलेली दोन घरे आजही एकमेकांकडे जात नाहीत. त्यामुळे आता कोणी यायचे बंद झाले की 'ते अजून मनात धरून बसलेत' असा अर्थ लगेच निघतो. हे गैरसमज खर्चिक असतात. एका फोनने जे मिटले असते त्यासाठी पुढे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना बसवावे लागते.

आणखी एक गोष्ट शहरात लक्षात घेतली जात नाही, ती म्हणजे ओढगस्त आमच्याकडेही असते आणि आम्हीही ती सांगत नाही. अवकाळी पावसाने मोहोर गेला, काजू बीचा दर पडला, लावणीला माणूस मिळेना, हे आपले दादा फोनवर आपणहून सांगणार नाहीत. आपण विचारले तर सांगतील. 'काय, बरे आहे ना सगळे' यापुढे गाडी जात नसेल तर दोष दोन्हीकडचा आहे. आपण नेमके विचारावे: यंदा खालचा कुणगा (भाताचा तुकडा) लावला की पडीक ठेवला, गाय कोणत्या महिन्यात विणार, आईचे गुडघे जिना चढू देतात का. असे विचारले की दहा मिनिटे सहज बोलणे होते आणि त्यात पैशाचा विषय निघालाच तर तो इतर चार विषयांपैकी एक म्हणून निघतो.

वेळेचेही पाहावे. संध्याकाळी सात वाजता फोन करू नये. तेव्हा गुरे, दिवाबत्ती, स्वयंपाक आणि मालिका यांची एकच गर्दी असते. दुपारी जेवणे आटोपून आम्ही पडवीत टेकतो ती वेळ बरी. शिवाय आमच्याकडे घरात रेंज नीट येत नाही, वर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर जावे लागते. दादांनी फोन उचलला नाही तर तो मुद्दाम उचलला नाही असे धरू नये.

खाऊबद्दल सांगायचे तर, वाडीतल्या प्रत्येक घरी पुडा देण्याची प्रथा कोणीतरी मोडायला हवीच आहे आणि ती मोडण्याची अनेक घरे वाटच पाहत आहेत. आपण मोडलीत तर दुवाच मिळेल. मुलांना मात्र मे महिन्यात गावी पाठवावे. त्यांचा खर्च तो काय, आमच्या चुलीवर दोन मुठी तांदूळ जास्त पडतात. उलट आजीजवळ महिनाभर राहिलेला नातू पुढे स्वतःहून फोन करतो, ते आपल्याला शिकवावे लागत नाही.

शारजातील रत्नागिरीकर

सर्वांचे प्रतिसाद वाचले. परदेशातून संबंध राखण्याचा अनुभव थोडा निराळा आहे, पण मुद्दा तोच येतो.

२००९ मध्ये दुबईतली बांधकामे एकामागून एक थांबली तेव्हा आमच्या खोलीतले निम्मे लोक परत गेले आणि उरलेल्यांचे पगार तुंबले. घरी कोणालाच खरे वाटत नव्हते, कारण आखातात गेलेला माणूस म्हणजे पैशाचे झाड अशी समजूत असते. एका सहकाऱ्याने तर पगार नसताना कर्ज काढून बहिणीच्या लग्नाला पैसे पाठवले आणि पुढे ते फेडेपर्यंत घरी फोन केला नाही. पैसे पोहोचले, पण तो मात्र बहिणीला परका झाला. त्यापेक्षा कमी पाठवून बोलत राहणे कितीतरी स्वस्त पडले असते.

इथे एक तांत्रिक अडचणही आहे. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअॅपवरून बोलता येत नाही, मजकूर आणि ध्वनिमुद्रित निरोप तेवढे जातात. कॉलसाठी बोटिमसारखी परवानगी असलेली अॅप वापरावी लागतात आणि ती गावच्या फोनवर असतीलच असे नाही. मी त्यामुळे आईला बोललेले निरोप पाठवतो, आणि आता तेच मला अधिक आवडू लागले आहेत. रेंज असेल तेव्हा ती ऐकते, पुन्हा ऐकते, शेजारणीलाही ऐकवते, आणि सवडीने उत्तर देते. आपल्यालाही याचा उपयोग होईल. ज्या दिवशी समोरासमोर प्रश्नोत्तरे नको वाटतात, त्या दिवशी पाच मिनिटांचा निरोप बोलून ठेवणे सोपे जाते. २०२२ च्या जानेवारीपासून इथल्या, म्हणजे शारजाच्या, सरकारी कचेऱ्यांची सुट्टी शुक्रवार ते रविवार अशी झाली, आमच्या कंपनीनेही रविवार धरला, त्यामुळे आता घरच्या सुट्टीशी मेळ बसतो.

एसटीचा प्रवासी

खर्चाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून तेवढेच लिहितो.

जानेवारी २०२५ मध्ये एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले हे खरे, पण सवलती नीट वापरल्या तर ते सुसह्य होते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या सर्व प्रकारच्या गाड्यांत निम्मे भाडे आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांचे अर्धे तिकीट पूर्वीपासूनच आहे. म्हणजे आपली दोन्ही मुले त्या वयात असतील तर चौघांचे भाडे अडीच तिकिटांवर येते, आणि मुलगी बाराच्या पुढे गेली तरी तिचे निम्मेच राहते. ६५ ते ७५ वयाच्या प्रवाशांना निम्मे भाडे आहे, आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना राज्यात एसटीचा प्रवास विनामूल्य आहे. आपल्या मातोश्रींचे वय त्यात बसत असेल आणि प्रकृती साथ देत असेल, तर चौघांनी गावी जाण्याऐवजी कोणाच्या सोबतीने त्यांनाच चिंचवडला आणता येईल. आधार कार्ड जवळ असू द्यावे. अणुस्कुरा घाटाच्या वळणांत बसण्याची त्यांची तयारी आहे का, हे मात्र आधी विचारावे.

रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली. आरक्षणही १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते, आणि गणपतीच्या दिवसांत ते उघडताच भरते. विरारच्या चुलतभावांना दिवा-सावंतवाडी गाडी सर्वांत स्वस्त पडेल, बसायला मिळेल याची हमी नाही. राजापूर रोड स्थानक गावापासून लांब आहे, त्यामुळे पुढच्या रिक्षाचे पैसेही हिशेबात धरावेत. अनेकदा तिथेच स्वस्ताई संपते. खरे तर सणाला जाण्याचा हट्ट सोडून भातकापणीला जावे. गाडीत जागा मिळते, सवलत तीच असते आणि घरी माणसाची गरज जास्त असते.

फोनचे म्हणाल तर, आईंचा फोन साधा बटणांचा असेल तर त्यात इंटरनेटसह महागडा रिचार्ज मारण्याचे कारण नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये नियम केल्यापासून कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवावे लागतात, आणि त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. दुकानदार ते आपणहून सांगत नाही. आणि बहिणीला पत्र लिहायचे असेल तर पोस्टकार्ड अजूनही ५० पैशांना मिळते.

चिंचवडचा चाकरमानी

सर्वांचे मनापासून आभार. दुपारची वेळ साधून दादांशी बोललो. पगाराचे आकडे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की सोसायटीच्या कर्जाचा हप्ता त्यांचाही थकला आहे. हे मला ठाऊक नव्हते. आईला ते आपल्या पद्धतीने सांगणार आहेत. मुलांना मे महिन्यात पाठवण्याचे ठरले.

एक प्रश्न उरला आहे. घरचा गणपती सामाईक आहे आणि खर्च चार घरांत विभागला जातो. दादा म्हणतात, तुझा वाटा आम्ही घालतो. ते मला घ्यावेसे वाटत नाही, आणि नाही म्हटले तर त्यांना लागेल. आपल्याकडे असे प्रसंग कसे निभावतात?

देवरुखचा वहीवाला

आमच्या पाच घरांच्या गणपतीची वही माझ्याकडे असते, त्यामुळे हा पेच ओळखीचा आहे. दादांचे म्हणणे परस्पर मान्य किंवा अमान्य न करता तो विषय चारही घरांसमोर आणावा, कारण वाटा सामाईक असेल तर सवलतही सामाईकपणेच ठरायला हवी. आमच्याकडे आधी खर्चाची फोड करतात. मूर्ती, पूजेचे साहित्य, नैवेद्याचा शिधा आणि भटजींची दक्षिणा हा टाळता न येणारा भाग आहे, आणि तो वाटतो त्यापेक्षा बराच लहान निघतो. मखराची रोषणाई, फटाके आणि रोज रात्री भजनाला येणाऱ्या मंडळींचा भरगच्च नाश्ता यांतच निम्मी वही भरते. भजनी मंडळींना चहा आणि उसळ दिली तर कोणी आरती अर्धी सोडून जात नाही. हा दुसरा भाग आटवला की सर्वांचाच वाटा खाली येतो आणि एकाला सूट दिल्यासारखे वाटत नाही. पाच दिवसांचा गणपती दीड दिवसावर आणण्याची सूचना अशा वेळी कोणीतरी करतोच, पण ती सर्वांच्या संमतीवाचून आणि वडीलधाऱ्यांना विचारल्यावाचून पुढे नेऊ नये.

ज्याला पैसे देणे शक्य नाही त्याने काम घ्यावे. यायला जमले तर दोन दिवस आधी यावे, खळ्यातले गवत काढावे, माटवी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) बांधावी, मूर्ती आणायला जावे. तो वाटा पैशाहून कमी मानला जात नाही. उलट आमच्याकडे माटवी बांधायला माणूस मिळत नाही ही खरी अडचण आहे. यायला जमले नाही तर तसे वेळेवर कळवावे, म्हणजे त्या कामाला दुसरा माणूस पाहता येतो.

वहीत आपले नाव मात्र राहू द्यावे. नावापुढे या वर्षी रक्कम कोरी ठेवावी आणि 'चौघांच्या संमतीने' असे लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. ती रक्कम बाकी म्हणून पुढच्या वर्षात ओढायची नाही हेही तिथेच लिहावे, कारण आज दादांना जे आठवते ते त्यांच्या मुलांना आठवेलच असे नाही, आणि अशा न लिहिलेल्या बाकीवरून दुसऱ्या पिढीत वाद होताना मी पाहिले आहेत.